शिकवणारा पाइप मेजर : प्रस्तावना

जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई आपण शिंदे-भोसल्यांच्या पराभवाची लढाई म्हणून वाचतो. आर्थर वेलस्लीच्या फौजेत त्या दिवशी दोन स्कॉटिश हायलँड पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. मराठी तोफांनी ७४वीची दाणादाण उडवली. ७८वीतल्या वादकांना हुकूम मिळाला की वाद्यं ठेवा आणि जखमींना उचलून वैद्याकडे न्या. एका बॅगपाइपवाल्याला वाटलं, हुकूम आपल्यालाही आहे. त्यानं पाइप बाजूला ठेवला आणि तो जखमींच्या मदतीला लागला. काम माणुसकीचं होतं, पण लढाई संपल्यावर सोबत्यांनी त्याला टोचून टोचून नको केलं. बासऱ्या फुंकणारे मागे गेले तर चालेल, पण पाइपवाल्यानं ऐन लढाईत मागे जायचं म्हणजे काय! दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यातल्या अडगावला पुन्हा गाठ पडली. तेव्हा या गड्यानं पाइप असा काही वाजवला की हल्ल्याचा हुकूम सुटेपर्यंत शिपायांना रांगेत थोपवून धरणं मुश्कील झालं. डेव्हिड स्टुअर्ट या हायलँड अधिकाऱ्यानं १८२२ साली छापलेल्या ग्रंथात ही हकिगत नोंदवली आहे.

ही ७८वी पलटण १८८१ साली सीफोर्थ हायलँडर्स या रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. असईबद्दल मिळालेलं हत्तीचं मानचिन्ह तिच्याबरोबर आलं. त्याच सीफोर्थ रेजिमेंटमध्ये १९३७ साली लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावातला एक विशीतला मुलगा भरती झाला. बुटक्या अंगलटीचा, म्हणून पुढे आयुष्यभर ‘वी डॉनल्ड’, म्हणजे छोटा डॉनल्ड. हे पुस्तक त्याच्याबद्दल, पाइप मेजर डॉनल्ड मॅक्लाऊड यांच्याबद्दल आहे. मराठी वाचकाचं त्यांच्या रेजिमेंटशी नातं आहे ते असं, शत्रूच्या बाजूनं जुळलेलं. पण एवढ्यासाठी कुणी परक्या मुलखातल्या वादकाचं चरित्र वाचायला घेऊ नये. ते घ्यावं ते एका प्रश्नासाठी. लष्करात नोकरी करणाऱ्या कलावंताची सेवा मोजायची कशी?

लष्कराकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. ते वर्षं मोजतं. ब्रिटिश सैन्यात दीर्घ सेवा आणि चांगल्या वर्तणुकीचं पदक १८३० साली चौथ्या विल्यम राजानं सुरू केलं. पुढे बराच काळ त्यासाठी अठरा वर्षांची निष्कलंक नोकरी लागे. शिपाई मात्र या पदकाचा अर्थ आपसांत वेगळाच लावत, ‘अठरा वर्षं न पकडला गेल्याबद्दल’. मॅक्लाऊड यांनी लष्करात पंचवीसेक वर्षं काढली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गणवेश उतरवला. त्यांना एमबीई हा किताब मिळाला तो मात्र १९७८ साली, फौज सोडून दीडेक दशक उलटल्यावर, आणि तोही पाइपवादनाच्या सेवेबद्दल. मधल्या काळात ते ग्लासगोत पाइप बनवणाऱ्या एका पेढीत भागीदार होते, शिष्यांना शिकवत होते, नव्या रचना करत होते. म्हणजे किताब देणाऱ्यांनाही कळून चुकलं होतं की या माणसाची सेवा निवृत्तीच्या तारखेला संपलेली नाही. माझं म्हणणं याहून थोडं पुढचं आहे. पाइप मेजरची खरी सेवा शिकवण्यात असते. कवायत, संचलन, मेजवानीतलं वादन हा तिचा दिसणारा भाग, आणि तो लहान भाग. हे म्हणणं पटायचं तर आधी हे पद काय, हे वाद्य काय आणि ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते कशी, हे पाहावं लागेल.

पाइप मेजर ही हुद्द्यांच्या शिडीवरची पायरी नव्हे, ती नेमणूक आहे. माणूस हुद्द्यानं सार्जंट असेल किंवा त्याच्या वरचा, पण पलटणीतल्या सगळ्या पाइपवाल्यांचा तो प्रमुख. बाहीच्या खालच्या भागावर, टोक वर करून शिवलेल्या चार पट्ट्या ही त्याची खूण. असईच्या काळात हायलँड पलटणींतल्या पाइपवाल्यांना सरकारदफ्तरी वेगळी जागाच नव्हती. ते कागदोपत्री ढोलकरी म्हणून लागत किंवा त्यांचा खर्च अधिकारी आपल्या खिशातून करत. १८५४ साली लष्करी कचेरीनं प्रत्येक हायलँड पलटणीला एक पाइप मेजर आणि पाच पाइपवाले मंजूर केले, तेव्हा कुठे हे पद अधिकृत झालं. पहाटे पलटणीला उठवण्यापासून रात्री दिवे मालवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची धून ठरलेली असते. कोणती केव्हा, हे पाइप मेजरच्या डोक्यात असतं. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये खास मेजवानीच्या रात्री तो टेबलाभोवती फिरत वाजवतो, मग कमांडिंग ऑफिसर त्याला व्हिस्कीचा पेला देतो आणि तो गेलिक भाषेत सगळ्यांचं शुभ चिंतून पेला रिकामा करतो. महाराणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीत, १९ सप्टेंबर २०२२ रोजी, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये एकट्यानं पाइप वाजवत हळूहळू दूर जाणारा सैनिक जगानं दूरदर्शनवर पाहिला, तोही पाइप मेजरच होता.

या सगळ्या थाटामाटाच्या मागे एक अत्यंत किचकट वाद्य आहे. बॅगपाइपला स्वर फक्त नऊ. जी नळी बोटांनी वाजवायची ती चँटर. खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या म्हणजे ड्रोन, दोन मध्यम आणि एक खर्जाचा. त्या एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात. वादक पिशवीत हवा भरतो आणि कोपरानं तिच्यावर सारखा दाब ठेवतो. यामुळे दोन गोष्टी या वाद्याला अशक्य होतात. त्याचा आवाज लहानमोठा करता येत नाही आणि वाजवता वाजवता क्षणभर थांबताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तरी मधे निःशब्द जागा मिळत नाही. मग ती जागा बोटांनी करायची. दोन स्वरांच्या मधे डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरा एखादा स्वर चाटून जायचा, की कानाला वाटतं स्वर तुटला. अशा चिमुकल्या कणस्वरांच्या ठरलेल्या जुळण्या आहेत, काही दोन स्वरांच्या तर काही सात-आठ स्वरांच्या. बॅगपाइपमधला जोर, लय, भाव सगळं या कणांच्या नेमकेपणावर आणि प्रत्येक स्वर किती लांबवला यावर उभं असतं. म्हणूनच लांबून ऐकणाऱ्याला सगळे पाइपवाले सारखे वाटतात आणि जाणकाराला दोन मात्रांत माणूस ओळखू येतो.

आता असे दहा-पंधरा पाइप एकत्र वाजवायचे. संचलनाआधी पाइप मेजर नेमकं काय करतो ते जवळून पाहण्यासारखं असतं. तो एकेका वादकासमोर जाऊन उभा राहतो आणि कान त्याच्या चँटरकडे लावतो. चँटरमधली रीड वेताच्या दोन पातळ पात्यांची असते. वरचे स्वर चढे लागत असतील तर ती किंचित बाहेर ओढायची, उतरे लागत असतील तर आत दाबायची. ती सैल बसली असेल तर बुडाला मेणाचा दोरा गुंडाळायचा. एखादंच भोक चढं बोलत असेल तर त्याच्या वरच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. एवढं झालं की ड्रोन. दोन ड्रोन जवळजवळ जुळले पण पुरते जुळले नाहीत, की त्यांच्या आवाजात एक घरघरती लाट उठते. नळीचा वरचा भाग केसभर वर-खाली करत राहायचं, म्हणजे ती लाट मंदावत मंदावत नाहीशी होते. हे सगळं साधेपर्यंत पहिल्या वादकाचं वाद्य श्वासाच्या उबेनं तापून चढलेलं असतं! थंडीत वेगळं, उन्हात वेगळं, पावसात तर विचारूच नका. जवान याला कंटाळतात, पण चांगला पाइप मेजर कंटाळत नाही. शिस्त ही गोष्ट बॅगपाइपच्या पथकात परेडच्या मैदानावर सुरू होण्याआधी कानांत सुरू होते.

आतापर्यंत सांगितलं ते पथकाचं. पण या वाद्याचं थोरलं संगीत एकट्यानं वाजवायचं असतं. त्याला पीब्रोख म्हणतात. कुणाच्या स्वागताची मानवंदना, कुणाच्या मृत्यूवरचा शोक, कुळाला शस्त्र घेऊन जमण्याची हाक असे त्याचे विषय. सुरुवातीला संथ मूळ धून, मग तिचाच विस्तार एकेका टप्प्यानं अवघड होत जातो आणि अखेरीस वादक मूळ धुनेवर परत येतो. एका रचनेला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. अशा जुन्या रचना तीनशेच्या आसपास टिकल्या आहेत. स्काय बेटावरच्या बोरेरेगचं मॅक्रिमन घराणं या विद्येचं मूळपीठ मानतात. हे लोक डनव्हेगनच्या मॅक्लाऊड सरदारांचे वंशपरंपरागत वादक होते.

ही विद्या त्यांनी कागदावरून शिकवली नाही, गाऊन शिकवली. ‘हिहारिन’, ‘होद्रोहो’ अशी अक्षरं ठरलेली होती. स्वर कोणता आणि त्यावरचा कणांचा गुच्छ कोणता, हे त्या अक्षरांतूनच कळे. या पद्धतीला कांटराख्क म्हणतात. तबल्याचे बोल तोंडानं म्हणून घेतल्याशिवाय हात न लावू देणारे उस्ताद आपण पाहिले आहेत, म्हणून या पद्धतीची गरज मराठी वाचकाला वेगळी पटवून द्यायला नको. पाश्चात्त्य स्वरलेखनात मात्रा लिहिता येतात, पण एखाद्या स्वरावर किती रेंगाळायचं आणि कुठे श्वास घेतल्यासारखं करायचं, हे लिहिता येत नाही. ते गुरूच्या गळ्यातून घ्यावं लागतं.

मॅक्लाऊड या परंपरेत कुठे बसतात हे त्यांच्या दोन गुरूंवरून कळतं. पहिले विली रॉस. १८७८ साली जन्मलेले, १८९६ साली स्कॉट्स गार्ड्समध्ये भरती झालेले, बोअर युद्ध आणि पहिलं महायुद्ध पाहिलेले. एडिनबरोच्या किल्ल्यात लष्करासाठी पाइपवादनाचे वर्ग १९१० साली सुरू झाले होते. १९१९ पासून जवळपास चार दशकं रॉस तिथले शिक्षक होते. पाइप मेजर व्हायचं तर त्यांच्या हाताखालून जावं लागे, त्यामुळे हायलँड पलटणींतल्या पाइप मेजरांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांनी घडवल्या. दीर्घ सेवेचं याहून ठळक उदाहरण या क्षेत्रात सापडणं कठीण. दुसरे गुरू इनव्हर्नेसचे जॉन मॅक्डॉनल्ड, जन्म १८६५. पीब्रोखचा धागा त्यांच्यापर्यंत आला होता तो थेट गुरुमुखातून. मॅक्लाऊड फोर्ट जॉर्जच्या लष्करी ठाण्यावर होते, इनव्हर्नेस तिथून हाकेच्या अंतरावर. म्हाताऱ्या मॅक्डॉनल्ड यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक रचना गाऊन घेतली.

मधे युद्ध झालं. जून १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सँ व्हालेरी इथे ५१व्या हायलँड डिव्हिजनला रोमेलपुढे शस्त्रं खाली ठेवावी लागली. सुमारे दहा हजार सैनिक कैदी झाले आणि त्यांतल्या बहुतेकांची पुढची पाच वर्षं जर्मन छावण्यांत गेली. स्कॉटलंडच्या उत्तरेत असं गाव नव्हतं जिथलं कुणी त्यात नव्हतं. मॅक्लाऊडही पकडले गेले, पण कैद्यांचा तांडा पायी नेला जात असताना ते निसटले आणि मायदेशी पोचले. पुढे ७व्या सीफोर्थ बटालियनचे ते पाइप मेजर झाले. मार्च १९४५ मध्ये या बटालियननं ऱ्हाईन नदी ओलांडली तेव्हा त्यांचा पाइप वाजत होता. पहिल्या महायुद्धात सुमारे पाचशे पाइपवाले मारले गेले होते. त्या हानीनंतर वादकांना लढाईच्या तोंडी देऊ नये असा संकेत झाला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या प्रसंगाचं वजन कळतं. तरीही मी वाचकांना सुचवीन की या प्रकरणावर फार रेंगाळू नये. शौर्याच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. नदीवर वाजलेला पाइप अर्ध्या तासात थांबला. त्यानंतर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

युद्धानंतर मॅक्लाऊड यांनी वादनातले मोठे मान मिळवले. १९४७ साली इनव्हर्नेसचं सुवर्णपदक, १९५४ साली ओबानचं. या क्षेत्रात याहून वरची पदकं मोजकीच. पण बरोबरीनं ते रचना करत राहिले. मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, जिग, हॉर्नपाइप असे चालीचे आणि नाचाचे सगळे प्रकार त्यांनी हाताळले. हलक्या चालींचे सहा संग्रह आणि पीब्रोखचं एक पुस्तक एवढं काम त्यांच्या नावावर आहे. मुलीच्या नावानं बांधलेली ‘सुझन मॅक्लाऊड’ ही स्ट्रॅथस्पे आज जगातल्या कुठल्याही पाइपवाल्याला विचारली तर तो वाजवून दाखवील. लुइस बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या खवळत्या सामुद्रधुनीवरून नाव घेतलेली ‘क्रॉसिंग द मिंच’ तशीच. या चाली बोटांना आवडतात, असं वादक सांगतात. ज्यानं रोज उठून पंधरा जणांची बोटं वळवली, त्यालाच अशा चाली सुचतात. शिकवणं आणि रचणं या त्यांच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

आता त्या कामाकडे येऊ ज्यामुळे मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला. उतारवयात मॅक्लाऊड टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बसले आणि दोनशेच्या आसपास पीब्रोख त्यांनी ध्वनिमुद्रित केले. मोठ्या पाइपवर नाही, मैफलीच्या थाटात तर नाहीच. हातात सरावाचा छोटा चँटर, ज्याला पिशवी नाही आणि ड्रोन नाहीत. आधी ते रचनेबद्दल दोन शब्द बोलतात. मग चार ओळी गातात, मग वाजवतात, पुन्हा गातात. कुठे म्हणतात, छापील पुस्तकात इथे असं दिलंय, पण मला शिकवलं गेलं ते असं. अवघड वळणावर गती कमी करून दाखवतात. टिकलेल्या एकंदर भांडाराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एका माणसाच्या गळ्यातून आणि बोटांतून असा उतरला. जून १९८२ मध्ये ते गेले. त्यांच्या पश्चात या टेपा प्रसिद्ध झाल्या आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशी माणसं कॅनडात, न्यूझीलंडमध्ये त्यांचे विद्यार्थी झाली.

या टेपांचं मोल कळायला एक वाद ठाऊक असायला हवा. १९०३ साली स्थापन झालेल्या पीब्रोख सोसायटीनं जुन्या रचनांच्या छापील आवृत्त्या काढल्या, स्पर्धांसाठी पाठ ठरवून दिले. त्यामुळे विखुरलेलं भांडार एकत्र आलं, हे उपकार मोठेच. पण छापलेलं तेच खरं, अशी समजूतही त्यातूनच रुजली. त्याहून वेगळं वाजवणाऱ्याला परीक्षकाची भीती वाटू लागली. लष्करी वर्गांनीही एकसारखेपणाला बळ दिलं, कारण पथकात एकसारखेपणा लागतोच. जॉन मॅक्डॉनल्ड या छापील पाठांवर नाराज होते आणि तसं ते बोलून दाखवत. मॅक्लाऊड यांचं वेगळेपण असं की ते दोन्ही घरांतले होते. फौजेतली काटेकोर शिस्त त्यांच्या बोटांत होती आणि मॅक्डॉनल्ड यांचं गाणं कानांत. म्हणून ते पुस्तकाशी भांडत बसले नाहीत. पुस्तक समोर ठेवलं आणि त्यात जे लिहिता आलं नव्हतं ते गाऊन दाखवलं. लष्करातून आलेल्या माणसाकडून ही मोकळीक अपेक्षित नसते, आणि मला वाटतं, त्यांच्या थोरवीचं मर्म इथे आहे.

वर्षं मोजण्याची पद्धत इथे का अपुरी पडते, याचं आणखी एक कारण आहे. ज्या रेजिमेंटची सेवा केली ती तरी कुठे राहिली? सीफोर्थ हायलँडर्स १९६१ साली कॅमेरॉन हायलँडर्समध्ये मिसळून क्वीन्स ओन हायलँडर्स झाली. १९९४ साली तिचं पुन्हा विलीनीकरण झालं. २००६ साली स्कॉट्स गार्ड्स सोडून जुन्या स्कॉटिश पायदळ रेजिमेंटांची मिळून एकच रेजिमेंट झाली. हत्तीचं चिन्ह आता संग्रहालयात बघायचं. सरकारी खर्चाच्या हिशेबात पलटणी एका सहीनं मोडतात, पण धुनेला मोडण्याचा हुकूम काढता येत नाही.

मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल आणि तो यावाच. हे वाद्य आपल्याकडे आलं ते साम्राज्याच्या फौजेबरोबर, आपल्यावर चाल करून. आज आपल्या सैन्यातल्या अनेक रेजिमेंटांची पाइप पथकं आहेत, २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ती दिमाखात वाजतात, गढवालात मशकबीनशिवाय लग्नाची वरात निघत नाही, आणि पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये तयार झालेले पाइप जगभर जातात. मालकी बदलली, सूर बदलले, वाद्य राहिलं. याचा राग धरायचा की अभिमान, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला एवढंच दिसतं की वाद्य परकं राहत नाही ते ते शिकवणारा माणूस मिळतो म्हणून. आपल्या पथकांतही कुणी हवालदार रोज सकाळी पोरांच्या रीड तपासत उभा असतो. त्याच्यावर मराठीत अजून पुस्तक नाही. हे पुस्तक वाचून कुणाला ते लिहावंसं वाटलं तर फार बरं होईल.

वाचण्याबद्दल एक सूचना. या पुस्तकात चालींची नावं भरपूर आहेत. ती नुसती वाचून पुढे जाऊ नका. आधी एखादं पथक ऐका, मोकळ्या मैदानातलं. कारण हे वाद्य खोलीसाठी बनलेलं नाही, आणि शेजाऱ्यांचाही विचार करायचा असतो. मग मॅक्लाऊड यांच्या टेपांतली एखादी रचना ऐका. ती खोलीतच ऐकायची. पहिल्यांदा काही कळणार नाही, तिसऱ्यांदा मूळ धून ओळखीची वाटेल, त्यानंतर ते कुठे रेंगाळतात ते कान शोधू लागेल. तेवढी तयारी झाली की शिकवण्याबद्दलची प्रकरणं आधी वाचा आणि युद्धाची नंतर. किताब, पदकं, हुद्दे यांची यादी पुस्तकाच्या शेवटी आहे, ती योग्य जागी आहे. आजच्या कुठल्याही चांगल्या पाइपवाल्याला ‘तू कुणाकडे शिकलास, आणि तो कुणाकडे?’ असं विचारत गेलं तर दोन-चार नावांत बहुधा डॉनल्ड मॅक्लाऊड भेटतात. त्यांच्या सेवेचा दाखला कुठे शोधायचा, हे विचारणाऱ्याला माझं उत्तर हेच राहील.